शिशाची घडी

“आर्गिरोची बिनसाखरेची,” झीसिस कॅफेवालीला म्हणाला आणि परत तळ्याकडे बघत बसला. एवढंच झालं. दुसरं काही झालं नाही. रविवारची प्रार्थना आटोपून आम्ही चौघं नेहमीसारखे योआनिनाच्या तळ्याकाठी चिनाराखाली बसलो होतो. मी, माझी बायको आर्गिरो, झीसिस आणि कॉसमास. खरं तर कॉफी सांगायच्या वेळी मी कधी जागेवर नसतो. म्हणजे देहाने असतो, पण कुठल्या तरी गोष्टीच्या ऐन मध्यात असतो, आणि कपबशा येतात, रिकाम्या होतात, ते मला गोष्ट संपल्यावर कळतं. त्या रविवारी माझी दाढ ठणकत होती म्हणून मी गप्प होतो. सत्तर वर्षांच्या आयुष्यात मी एकदा गप्प बसलो आणि हे ऐकायला मिळालं. कारण आर्गिरो मध्यम पिते. एक चमचा साखर, वर जाड फेस. लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली, मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल? मी म्हणणार होतो, ‘अरे झीसिस, तुझं औषधांचं दुकान सुटलं तशी स्मरणशक्तीही सुटली वाटतं.’ पण कॅफेवालीने मानही वर केली नाही. “नेहमीचंच की,” ती म्हणाली.  कॉफी आली, आर्गिरोने कप उचलला, एक घोट घेतला, आणि ज्या बशीत साखरेची पुडी होती ती बशी एका बोटाने हळूच कॉसमासकडे सरकवली. ते बोट मी बघत राहिलो. त्या बोटाला ती हालचाल सवयीची होती. मला ती हालचाल नवी होती.

घरी आल्यावर मी विचारायला हवं होतं. दोन शब्दांचा प्रश्न. पण माझं असं आहे की मला सांगता येतं, विचारता येत नाही. या तळ्यातल्या एका ईल माशाला मी चांदीचं कडं घातलं होतं आणि तो दर ईस्टरला ते पॉलिश करून घ्यायला माझ्या दुकानी येतो, हे मी डोळ्याची पापणी न लववता सांगू शकतो. आणि स्वतःच्या बायकोला, बाई गं, तू साखर कधी सोडलीस, हे विचारायला माझी जीभ उचलत नव्हती. दुपारभर दुकानात बसलो. दुकान म्हणजे आता नावाचंच. चांदीचं काम मुलांना नको असतं, माझा मुलगा जर्मनीत मोटारींचे दरवाजे जोडतो. मी एका जुन्या कमरपट्ट्याच्या कडीवर ठसे मारत होतो आणि प्रत्येक ठोक्याला एक मंगळवार आठवत होता. मंगळवारी आर्गिरो भाजीला जाते, आणि शुक्रवारीही. भाजीबाजार पुलापलीकडे. झीसिसचं औषधांचं दुकान, जे आता त्याची मुलगी चालवते आणि जिथे तो निवृत्त होऊनही रोज सकाळी पांढरा कोट घालून बसतो, तेही पुलापलीकडे. रक्तदाब बघून येते, असं ती म्हणायची. रक्तदाब बघायला किती वेळ लागतो? दंडाला पट्टा बांधायला त्याला तिची बाही वर करावी लागत असेल. मी ठसा चुकवला. कडीवरच्या पानाला एक नस जास्तीची पडली.

आता झीसिसबद्दल सांगायला हवं, आणि मी खरं सांगणार आहे, म्हणून जरा अडखळेन. झीसिस आमचा कुंबारा. लग्नात पाद्री नवरानवरीच्या डोक्यावर मुकुट ठेवतो, पांढऱ्या रेशमी दोऱ्याने एकमेकांना बांधलेले, आणि मागे उभा राहून ते मुकुट हात ओलांडून तीनदा अदलाबदल करतो तो कुंबारा. तेव्हापासून तो रक्ताच्या नात्याहून जवळचा, आणि पुढे दोघं एकमेकांना ‘कुंबारे’ अशीच हाक मारतात. बाप्तिस्म्याला तुमच्या मुलाला पाण्यातून वर काढतो तोच, नाव ठेवतो तोच, आणि त्याच्या मनात तुमच्या बायकोविषयी काही यावं हे पाप, आणि त्याच्या मनात काही आलं असेल अशी शंका तुमच्या मनात यावी हे त्याहून मोठं पाप. म्हणूनच तर मी त्याला कुंबारा केला. लोक म्हणाले, बालमित्र म्हणून केला. मी त्याला त्या रेशमी दोऱ्याने जखडून टाकला होता. पण तिसऱ्या अदलाबदलीला तो दोरा आर्गिरोच्या केसातल्या चापात अडकला. सगळं चर्च हसलं. झीसिसने तो सोडवला. औषधाच्या पुड्या बांधून बांधून त्याची बोटं तेव्हाच इतकी हलकी होती की तिचा एक केस हलला नाही. मी पुढे तोंड करून उभा होतो, मला वळायची परवानगी नव्हती. किती वेळ लागला असेल? दहा श्वास. मी मोजले होते. शेहेचाळीस वर्षांत मी ते दहा श्वास कितीदा परत मोजले याला हिशेब नाही. कधी ते सात होतात, दाढ ठणकत असली की वीस.

आणि त्याच्याही मागे एक गोष्ट आहे, जी मी कधीच कुणाला सांगितली नाही. लग्नाच्या आदल्या उन्हाळ्यात आम्ही हेच चौघं दोदोनीला गेलो होतो, जुन्या, उघड्यावरच्या दगडी रंगमंडलात नाटक बघायला. कॉसमास तेव्हा नुकता प्राचीन ग्रीक शिकवायला लागला होता आणि आम्हांला विद्यार्थी समजत होता, अजूनही समजतो. त्याने सांगितलं की तिथल्या ओकाच्या झाडात झ्यूस राहायचा, पानं सळसळली की ते त्याचं बोलणं, आणि पुजारी पाय न धुता जमिनीवर झोपायचे, म्हणजे मातीतलं त्यांना ऐकू यावं. “आणि लोक शिशाच्या पत्र्यावर प्रश्न खरडायचे,” तो म्हणाला, “घडी घालून द्यायचे. देव न उघडता उत्तर द्यायचा. प्रश्न असा विचारायचा: अमुक केलं तर माझं भलं होईल का?” माझ्या खिशात शिसं होतं. ठसे मारताना खाली घ्यायला लागतं, बापाच्या दुकानातून आणलेला पातळ तुकडा. मी तो चार ठिकाणी कापला. खिळ्याने सगळ्यांनी खरडलं, घड्या घातल्या, ओकाभोवतीच्या पडक्या भिंतीच्या फटीत खोचल्या. नाटकाला मध्यंतर झालं तेव्हा मी लघवीला जातो म्हणून गेलो आणि आर्गिरोची घडी उघडली. लिहिलं होतं: ‘झीसिसशी लग्न केलं तर माझं भलं होईल का?’ मी ती परत मिटली. तिसऱ्या दिवशी केस ओले करून, चापून बसवून तिच्या बापाकडे गेलो. तिने हो म्हटलं. बापाला नाही, मला. आतल्या दारातून बघून, मान हलवून. पण देवाने तिला काय उत्तर दिलं होतं ते मला कधीच कळलं नाही. प्रश्न मी वाचला, उत्तर नाही. असल्या प्रश्नाबरोबर मी शेहेचाळीस वर्षं एका पलंगावर झोपलोय.

तर त्या दुपारी कडीवरचं पान बिघडलं तेव्हा मी शिशाची लादी पुढ्यात ओढली, एक तुकडा कापला आणि ठोकून ठोकून कागदासारखा पातळ करून त्याचे चार भाग केले. संध्याकाळी कॉसमासला फोन केला. “उद्या दोदोनीला जायचं.” तो म्हणाला, “का रे, ओकाने बोलावलंय?” मी म्हटलं, “तुझ्या गाडीला जरा चढ दाखवू या, नाही तर ती विसरून जाईल.”

योआनिनापासून दोदोनी म्हणजे टेकडीपलीकडे. पण कॉसमास गाडी चालवतो आणि प्रत्येक वळणावर थांबून काहीतरी दाखवतो, म्हणून तास लागला. मी त्याच्या शेजारी बसलो. ही चूक. मागे आर्गिरो आणि झीसिस. आरशात मला झीसिसचा अर्धा कान आणि आर्गिरोच्या डोक्याचा रुमाल एवढंच दिसत होतं. ते काही बोलत नव्हते. दोन माणसं जेव्हा बोलत नाहीत तेव्हा एक तर त्यांच्यात काही नसतं, नाही तर सगळं असतं. मधेच झीसिसने काच थोडी वर घेतली. “तिला वारा लागतो डाव्या कानाला,” तो सहज म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही. मला ठाऊक होतं का? आर्गिरोला दोन कान आहेत आणि त्यांतला डावा हळवा आहे हे? मी ताबडतोब गोष्ट सुरू केली. त्या खालच्या गावात एक गाढव होतं, ते नाटकाच्या दिवशी तिकीट काढून पहिल्या रांगेत बसायचं आणि शोकांत प्रसंगी एवढं रडायचं की नटांना पुढचं वाक्य सुचायचं नाही. कॉसमास हसला. झीसिस हसला. आर्गिरो म्हणाली, “मागच्या वेळी ते बोकड होतं.” मी म्हटलं, “मोठं झालं.” सगळे हसले आणि मला आरशात तिचा रुमाल हसताना थोडा हलला तेवढाच दिसला, आणि तो ज्या बाजूला हलला ती बाजू मला आवडली नाही.

तोमारोस डोंगरावर अजून बर्फाचा एक पट्टा होता. दरीत मेंढ्यांच्या घंटा. ओक तोच, किंवा त्याचा नातू. कॉसमास म्हणतो मूळचा केव्हाच तोडला, हा नंतर लावलेला. “म्हणजे हा देव बदलीवर आलेला,” झीसिस म्हणाला. मी शिशाचे चार तुकडे काढले तेव्हा तिघं माझ्याकडे बघतच राहिले.

“अरे लाम्ब्रोस, या वयात?” कॉसमास म्हणाला. “आता काय विचारायचं राहिलंय? केस परत येतील का?”

“तुझ्या बाबतीत देवालाही लाज वाटेल,” मी म्हटलं. “लिही गुपचूप.”

“तुला ठाऊक आहे, आपल्या संग्रहालयात असला एक पत्रा आहे,” कॉसमास म्हणाला. “एका माणसाने विचारलंय, बायकोच्या पोटातलं मूल माझंच ना? अडीच हजार वर्षं झाली. बिचारा अजून तिथे काचेखाली विचारतोच आहे.”

झीसिस मोठ्याने हसला. आर्गिरोही. मी हसण्याआधी माझ्या मुलाचं नाक आठवून घेतलं. ते माझंच आहे, वाकडं, देवाची कृपा. मग हसलो.

दाभण सगळ्यांच्या हातातून फिरलं. झीसिस पाठ करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते, तो बराच मजकूर लिहीत होता. इतकं काय विचारायचं असतं माणसाला? आर्गिरोने चटकन लिहिलं, एकाच दमात, आणि लिहून झाल्यावर माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे आता फिकट झालेत, तळ्यावर सकाळी धुकं असतं तसे, पण त्या बघण्यात तिच्या बापाच्या घरातलं ते आतलं दार होतं. मी माझ्या पत्र्यावर शब्द लिहायला गेलो आणि हाताने आपोआप एक द्राक्षाचं पान काढलं. हात मालकाला विचारत नाही. घड्या भिंतीच्या फटीत गेल्या. राखणदार बाईने दुरून शिट्टी फुंकली, “दगडांना हात लावू नका!” आम्ही चार म्हातारे शाळकरी पोरांसारखे हात मागे घेऊन उभे राहिलो.

मग कॉसमास झीसिसला पुजाऱ्यांच्या न धुतलेल्या पायांबद्दल सांगायला लागला आणि दोघं देवळाच्या पायाकडे गेले. आर्गिरो म्हणाली, “मी रंगमंडलात सावलीला बसते.” मी म्हटलं, “मी लघवीला जाऊन येतो.” ती थांबली, वळली, म्हणाली, “जा. तुला इथे नेहमी लागते,” आणि गेली. तेव्हाही मला कळलं नाही. माणूस मत्सरात असला की त्याला फक्त जे ऐकायचं तेच ऐकू येतं. राखणदार बाई एका परदेशी जोडप्यावर शिट्टी फुंकत होती. मी फटीत बोटं घातली. घाईत दोन घड्या हाताला आल्या, त्या खिशात टाकल्या, आणि रंगमंडलाच्या उंच भिंतीला लागून आडोसा आहे तिथे गेलो. खिशातून काढल्या. एक आर्गिरोची, चौकोनी, एक कोपरा बाहेर आलेला. दुसरी मी फिरवून फिरवून बघितली. ती औषधाच्या पुडीसारखी होती. दोन्ही टोकं एकमेकांत खोचलेली, कड अशी की नख घालायला जागा नाही. पंचेचाळीस वर्षं ज्याने औषधाच्या पुड्या बांधल्या त्याची घडी. चांदीकामातली सगळी विद्या माझ्या बोटात आहे, पण ती पुडी उघडून परत तशी बांधणं मला सात जन्मांत जमलं नसतं. मी ती मुठीत धरली. ती गरम झाली. शिसं लवकर गरम होतं. मग दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आर्गिरोची उलगडली.

‘याही वेळी उघडलीसच ना, लाम्ब्रोस?’

कुठेतरी मेंढ्यांच्या घंटा चालू होत्या. मी ते वाक्य वाचलं आणि त्यातल्या ‘याही’ या शब्दावर येऊन थांबलो. जिन्याला एक पायरी जास्त आहे असं वाटून पाय हवेत पडावा तसं झालं. जमीन नव्हती. मग होती, पण जराशी खाली. मी आत गेलो. आर्गिरो पहिल्या रांगेत दगडावर बसली होती, रुमाल सोडून मांडीवर घेतलेला, चपला काढलेल्या. त्या रंगमंडलाचं असं आहे की मधोमध उभं राहून श्वास टाकला तरी वरपर्यंत जातो, म्हणून ती हळूच बोलली.

“वाचून झालं असेल तर बस. उन्हात उभा राहू नकोस.”

“तुला कधीपासून ठाऊक आहे?”

“नाटक संपल्यावर मी परत बघायला गेले होते. तेव्हा.”

“मी तशीच मिटली होती.”

“तशीच?” ती हसली. “लाम्ब्रोस, मी घातलेली घडी बोळ्यासारखी होती. तू मिटलेली अशी होती की तिच्या कडेने बोट कापलं असतं. चांदीवाल्याच्या पोराशिवाय या जिल्ह्यात तशी घडी कोण घालणार?”

मी बसलो. दगड थंड होता. मला वाटलं होतं मी चोरी केली होती; मी सहीच करून आलो होतो.

“म्हणजे मी वाचावं म्हणूनच तू...”

“तीन वर्षं तू आमच्या गच्चीखालून ईल माशाच्या कड्याची गोष्ट मोठमोठ्याने सांगत फिरत होतास. सगळ्या गल्लीला सांगितलीस. माझ्या बापाला सांगायला कधी येणार होतास? मग म्हटलं, याच्या हातात शिसं आहे आणि याला मिटलेलं काही बघवत नाही.”

“आणि झीसिस?”

“देवाला विचारायचं असतं तर देवाला विचारलं असतं. तुझ्या खिशातल्या पत्र्यावर कशाला लिहिलं असतं?”

शेहेचाळीस वर्षं. मला उठून नाचावंसं वाटलं, आणि त्याच वेळी असं वाटलं की कुणीतरी माझ्या खिशातून माझीच गोष्ट काढून घेतली. कारण ती गोष्ट माझी होती, आणि तिचा धागा सगळा वेळ दुसऱ्याच्या बोटाला बांधलेला होता. या गावात सगळ्यांत मोठी थाप मारणारा मी नव्हतो. ती गप्प बसून भाजी निवडत होती.

“आणि मी आलो नसतो तर?” मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला काही सरळ विचारत होतो, आणि विचारताना कळलं की नाही विचारलं तर बरं.

तिने रुमालाच्या कडेचा एक दोरा ओढला, तोडला.

“झीसिस काही वाईट नव्हता,” ती म्हणाली.

 ओकाच्या दिशेने कॉसमासचा आवाज येत होता, शब्द नाही, नुसता शिकवण्याचा सूर. मी म्हटलं, “आणि कॉफी?”

“कसली कॉफी?”

“बिनसाखरेची. त्याला कसं ठाऊक?”

“त्याने विचारलं,” ती म्हणाली. “सात वर्षं झाली. दुकानात कॉफी केली आणि विचारलं, आर्गिरो, साखर किती? मी म्हटलं, आज नको. दुसऱ्या वेळी परत विचारलं. तिसऱ्या वेळी विचारलं नाही, लक्षात ठेवलं.”

“मला का सांगितलं नाहीस?”

“सांगायला यायचे तेव्हा तुझी गोष्ट चालू असायची. आणि घरात एवढं गोड बोलणं, म्हटलं कॉफी तरी कडू असू दे.” मग तिने माझ्या मिटलेल्या मुठीकडे बघितलं. “त्यात काय आहे?”

मी मूठ उघडली. पुडी तिथे होती. तिने ओळखली, घडी बघूनच ओळखली, आणि ते मला लागलं.

“उघडली नाहीस?”

“परत बांधता येणार नाही,” मी खरं ते सांगितलं.

खाली गावात चौकातल्या कॉफीच्या दुकानासमोर आम्ही बसलो. दुकानवाला आला, पंचा खांद्यावर. झीसिसने तोंड उघडलं. मी त्याच्याआधी ओरडलो, “हिची बिनसाखरेची!” शेजारच्या टेबलावर पत्ते खेळणाऱ्या चारही जणांनी माना वळवल्या. झीसिसने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, औषधाची चिठ्ठी वाचावी तसं, आणि मग म्हणाला, “कुंबारे, दाढ बरी झालेली दिसते.” “माझीही बिनसाखरेचीच,” मी म्हटलं. आली. प्यायलो. कडूशार. जिभेच्या मुळापर्यंत माती. मी तोंड वाकडं न करता कपाच्या गाळापर्यंत गेलो. झीसिसने स्वतःसाठी दोन चमचे साखरेची मागवली होती. हेही मला ठाऊक नव्हतं. कॉसमास अजून पुजाऱ्यांच्या पायांबद्दलच बोलत होता. तेवढ्यात टेबलाखाली आर्गिरोचा हात माझ्या गुडघ्यावर आला, तळवा वर करून. मी समजलो. ती पुडी मी तिच्या तळहातावर ठेवली. मला वाटलं ती त्याला परत करील, हसून, सगळ्यांसमोर. किंवा जाताना ओकाजवळच्या भिंतीच्या फटीत ठेवील. तिने पर्स उघडली, ती पुडी आत टाकली आणि कॉसमासला म्हणाली, “मग ते पाय हिवाळ्यातही धूत नसत?”

आज सोळा दिवस झाले. सकाळची कॉफी आता मी करतो. कॉफीचं भांडं विस्तवावर ठेवण्याआधी विचारतो, “साखर किती?” ती म्हणते, “नको.” रोज नको. मला वाटायला लागलं होतं की आता मला ठाऊक झालंय. मग काल ती केस विंचरताना म्हणाली, “आज एक चमचा घाल.” मी चमचा हातात धरून उभा राहिलो. का, हे विचारणार होतो. काल मंगळवार होता. ती कॉफी प्यायली, सगळी, ओठ पुसले आणि पिशवी घेऊन भाजीला गेली.

पर्स न्यायला विसरली, ती पुडी टाकली होती तीच. ती दाराच्या मागे खुंटीवर असते. तिची कडी मीच बनवलेली आहे, चांदीची, द्राक्षाच्या पानाची, लावली की टक् असा आवाज होतो, दुकानात बसूनही ऐकू येतो. सोळा दिवसांत तो आवाज एकदाही आला नाही. तिने कडी लावलीच नाहीये. मी हात लावलेला नाही. येताजाता नजर पडते, तेवढंच.